गांजाला अजून आठ दिवस

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही गोष्ट कच्ची तोडली नाही. वाट बघता बघता हातची गेली, असं मात्र पुष्कळदा झालं.

घर घ्यायचं ठरलं तेव्हा व्याजदर आणखी खाली येतील म्हणून शशिकांतराव थांबले. दर आले खाली, पण तोवर घरांच्या किमती वर गेल्या होत्या. आमच्या शंतनूची मुंज 'एखाद्या उन्हाळ्यात निवांत करू' म्हणत लांबली, ती त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सोडमुंजीसकट उरकली. मुंज आणि सोडमुंज यांच्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात चहासुद्धा झाला नाही. भारतात कायमचं परत जायचं तर आम्ही इथे आलो त्याच वर्षी ठरलेलं आहे. योग्य वेळ तेवढी यायची आहे.

अशा माणसाने म्हातारपणी शेती करावी, तीही गांजाची, हे मी कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं की तुम्ही काय घेतलंय.

आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. शशिकांतराव चिप बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका शोधायच्या. निवृत्त झाल्यावर शोधायला चुका उरल्या नाहीत, त्यामुळे ते माझ्या शोधायला लागले आणि त्यांची झोप गेली. शेवटी गुरुनाथने दुकानातून गांजाची एक गोळी आणून दिली. गुरुनाथ आमचा जुना मित्र, आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल द्यायचं काम केलेला डॉक्टर. गोळी लिंबाच्या चवीची होती, दिसायला नातवंडांच्या खाऊसारखी. त्या रात्री शशिकांतराव घोरले. मी आनंदाने जागी राहिले.

सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "दुकानातलं कशाला आणायचं? घरी काय होत नाही?"

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. याच वाक्यातून आमच्याकडे आंबट दही, एक गळकं कारंजं आणि वाकडी बुकशेल्फ झालेली आहे.

इथे घरी थोडी झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत आणि जागेला कुलूप हवं, एवढंच. कायदा पाळण्याच्या बाबतीत आमचा हात कोणी धरणार नाही. मागच्या अंगणात भिंतीलगत, जिथे दुपारनंतर सावली येते आणि ठिबकची नळी पोचते, अशी एकच जागा होती. तिथे माझी तुळस होती. शशिकांतरावांनी तुळशीसकट चारी बाजूंनी जाळी ठोकली, जाळीला हिरवं कापड लावलं आणि दाराला कुलूप घातलं. जूनपासून मी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला नवऱ्याकडे किल्ली मागत होते. प्रत्यक्ष विष्णूची बायको गांजाबरोबर एका कोठडीत.

सासवडला आमच्या लहानपणी कऱ्हेच्या काठी एक बुवा चिलीम ओढत बसलेला असायचा. तिथून जाताना आई माझ्या आणि अक्काच्या डोळ्यांवर पदर धरायची, जणू धूर डोळ्यांतून आत जातो. त्याच आईचा पदवीधर जावई आता पहाटे उठून, टोपी घालून, गांजाच्या पानांवरून ओल्या फडक्याने धूळ पुसत होता. ऑगस्टमध्ये धुळीचं मोठं वादळ आलं तेव्हा त्यांनी आधी झाडांना चादरी गुंडाळल्या आणि मग मला घरात बोलावलं.

झाडं तीन होती. एक भिंतीकडचं, एक मधलं, एक तुळशीजवळचं. तिन्ही चांगली फोफावली. गणपतीच्या सुमाराला त्यांना कळ्या आल्या आणि शशिकांतरावांच्या चेहऱ्यावर शंतनू झाला तेव्हासुद्धा नव्हतं असं काहीतरी आलं.

"आता सगळा खेळ टायमिंगचा," ते म्हणाले.

मला धस्स झालं.

टायमिंग कळतं कसं, तर कळीवर साखरेसारखे बारीक थेंब धरतात, ट्रायकोम म्हणतात त्यांना, ते भिंगातून बघायचे. पाण्यासारखे स्वच्छ असले तर कच्चं. दुधासारखे झाले की तयार. मधाच्या रंगाचे व्हायला लागले की झोपेला उत्तम. सगळेच मधाचे झाले तर मात्र उशीर झाला. पाणी, दूध, मध. मला वाटलं दही, तूप आणि साखर घातली की पंचामृतच. शशिकांतरावांना शंभरात वीस थेंब मधाचे हवे होते. त्यासाठी आधी सोनाराचं भिंग आलं, मग फोनला जोडायचा मायक्रोस्कोप आला. रोज सकाळी ते तिन्ही झाडांवरच्या ठरावीक कळ्यांचे फोटो काढत आणि न्याहारीच्या टेबलावर मला दाखवत. माझ्या पोह्यांशेजारी फोनमध्ये काचेच्या मशरूमचं जंगल दिसत असे.

"हा दूध की पाणी? नीट बघ."

"मला मोतीबिंदू दिसतोय. माझाच."

या सगळ्यात अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सासवडलाच असते. मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण होती. अजूनही आहे, फक्त शाळा उरलेली नाही. तिचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की घरचे हा सोहळा करतात. आमच्या घराण्यात तिथपर्यंत पोचलेली अक्का पहिलीच. दिवाळीनंतरच्या त्रिपुरी पौर्णिमेला करायचं ठरलं.

"दोघांनी यायचं," अक्का म्हणाली. "मागच्यासारखं व्हिडिओवर नमस्कार नको. व्हिडिओवर माझ्या पाया पडलीस तेव्हा मला नुसती तुझी टाळू दिसली. फार विरळ झालीय."

अक्काच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो, कारण तेव्हा ग्रीन कार्ड येण्यात होतं. आईच्या पंचाहत्तरीला गेलो नाही, शंतनूची कॉलेजची परीक्षा होती. अक्का निवृत्त झाली तेव्हा तिकिटं स्वस्त व्हायची होती. आई गेली तेव्हा गेलो, पण आई वाट बघत थांबली नव्हती. एकटीने जायचं मला कधी सुचलंच नाही. जायचं तर दोघांनी, राहायचं तर दोघांनी, यालाच संसार म्हणतात अशी माझी समजूत होती. या वेळी मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं. अक्काला आता डोळ्यांनी बघायचं. हजार पौर्णिमांनंतर आणखी किती, ते काय कोणी लिहून देत नाही.

"तिकिटं काढू या ना," शशिकांतराव म्हणाले. "हार्वेस्टची डेट एकदा फिक्स झाली की लगेच. नवरात्रात होऊन जाईल."

घट बसले. "अजून आठ दिवस," ते म्हणाले.

दसरा आला. "आज सोनं लुटायचं तर मग हेच लुटू," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? पाणीच दिसतंय अजून. आठ दिवस दे."

कोजागरीला आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून अंगणात दूध प्यालो. गुरुनाथ आला होता. सकाळी काढलेले फोटो शशिकांतरावांनी त्याला आत नेऊन टीव्हीवर मोठे करून दाखवले. गुरुनाथने चष्मा कपाळावर चढवला.

"यार शशी, हे भिंतीकडचं तर झालंय. काप की."

"एकट्याचं काय घेऊन बसलास? ॲव्हरेज बघ. तिन्हींचं ॲव्हरेज कमी पडतंय."

"ॲव्हरेज कशाला हवंय? तू ॲव्हरेज पिणार आहेस का?"

"एकाच दिवशी लावलेली, एकच माती, एकच पाणी. हा एक लॉट आहे. लॉट फोडायचा नाही."

"वहिनी," गुरुनाथ माझ्याकडे वळला, "मी टेबलावरच्या पेशंटला झोपवायला मिनिटभर घ्यायचो. याला झोपवायला तुम्हाला चार महिने लागले, आणि तो अजून जागाच आहे."

"तुमचे पेशंट तुम्हाला ॲव्हरेज विचारत नव्हते, भावजी," मी म्हटलं.

एवढं मात्र कोणालाही दिसत होतं की काहीतरी बिनसलं आहे. भिंतीकडचं झाड झुकलं होतं, त्याचे पांढरे केसर तपकिरी झाले होते. मधलं अर्धं इकडे, अर्धं तिकडे. तुळशीजवळचं तर सप्टेंबरसारखंच हिरवंगार, कळ्यांपेक्षा पानंच जास्त. शशिकांतरावांनी खत बदललं, पाणी मोजलं, माती कुठल्याशा लॅबला पाठवली. आणि मग त्यांनी उजेडाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं.

त्याचं असं की या झाडांना कळ्या धरल्यावर रात्रीचा अंधार अगदी अखंड लागतो. उजेड पडला तर झाड गोंधळतं आणि पिकायचं सोडून पुन्हा वाढायलाच लागतं. हे शशिकांतरावांनी मला इतक्या वेळा समजावलं होतं की मी ते झोपेत म्हणू शकले असते, झोप येऊ दिली असती तर. त्यांनी शेजारच्या ग्लेनच्या दारात जाऊन त्याचा पोर्चचा दिवा बदलायची विनंती केली. ग्लेन भला माणूस. त्याने दिवा बदलला आणि वर भोपळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणून दिला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून घोंगडी लागली, आतला दिवाही बंद झाला, त्यामुळे संध्याकाळची भाजी मी वासावरून ओळखायला लागले. ठिबकच्या टायमरच्या डबीवर लुकलुकणाऱ्या इवल्याशा लाल ठिपक्यालासुद्धा काळी चिकटपट्टी लागली. आमच्या अंगणात एखादा उंदीर आला असता तर चाचपडत परत गेला असता.

दिवाळीत मी आकाशकंदील लावायचा म्हटलं. ते म्हणाले, "पुढच्या बाजूला लाव. मागे नको, प्लीज."

भाऊबीजेच्या दिवशी नेत्राचा फोन आला. नेत्रा माझी सून. ती आणि शंतनू अमेरिकेतच, तिकडे उत्तरेला बॉथेलला असतात.

"आई, तिकिटांचं काय झालं? आता खूप कमी दिवस राहिले. मी बुक करू का?"

"बाबांना विचार."

"बाबांना विचारलं. ते म्हणाले ट्रायकोमवर डिपेंड आहे. ट्रायकोम कोण आहे?"

मी म्हटलं, "तुझी सवत-सासू समज."

त्याच दिवशी मी अक्काला फोन लावला. मनात होतं, सांगून टाकावं की नाही जमत. ओवाळणीच्या दिवशी बहिणीने बहिणीला काय सांगायचं, याला काही रीत नाही. पण अक्काने मला बोलूच दिलं नाही. तिचं फुलांचं चाललं होतं.

"मंडपवाला म्हणतो, झेंडू लावू. मी म्हटलं, शेवंती लाव. सासवडात राहून झेंडू काय लावायचा? पिवळी शेवंती, आपल्या दारातली असायची ना, तशी. आठवते का गं तुला, खांबाखालची?"

"खांबाखालची कुठली?"

"अगं, तू तिसरीत होतीस. दारासमोर पहिल्यांदा दिव्याचा खांब आला, म्युनिसिपालिटीचा. आपण केवढं नाचलो. आणि त्या वर्षी दसऱ्याला अख्ख्या आळीत शेवंती फुलली, आपल्या खांबाखालच्या वाफ्याला एक फूल नाही! नुसता पाला. आई म्हणाली दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तिने शेवंतीवरून."

"आणि तू त्यावर दादांची जुनी छत्री उघडून ठेवायचीस," मी म्हटलं. मला ते एकदम समोर दिसलं. दिवेलागणीला फ्रॉकवरची अक्का, वडिलांची काळी छत्री घेऊन, वाफ्यापाशी उकिडवी बसलेली. येणारे-जाणारे हसायचे.

"मग काय! दिवाळीनंतर आली की नाही फुलं? रात्र मिळाली नाही तर फुलणार कशी बिचारी? उजेडात कोणाला झोप लागते? पण ते जाऊ दे. तुम्ही येताय कधी?"

मी म्हटलं, "अक्का, पाच मिनिटांनी करते फोन."

मी किल्ली मागितली नाही. खुंटीवरून घेतली. तिन्हीसांज झाली होती. जाळीचं दार उघडून मी आत उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत टक् करून तुळशीचा दिवा लागला.

तीन वर्षांपूर्वी निरांजन घेऊन जाताना मी तुळशीपुढच्या पायरीवरून घसरले होते. तेव्हा शशिकांतरावांनी माझ्या काळजीपोटी तुळशीवर सोलरचा दिवा बसवला. अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडेपर्यंत जळतो. दिवा कसला, क्रिकेटच्या मैदानावर शोभेल असा झोत. त्या झोतात तुळशीजवळचं झाड नवरीसारखं उजळून निघालं होतं. मधल्या झाडाची तुळशीकडची बाजू उजेडात हिरवी, भिंतीकडची अंधारात पिकलेली. भिंतीकडच्या झाडाला मधल्याची सावली. आखून दिल्यासारखं.

ज्या माणसाने शेजाऱ्याचा दिवा विझवला, मला घोंगडीआड भाजी चिरायला लावली, लाल ठिपक्याला पट्टी चिकटवली, त्याने हा दिवा रोज पाहिला होता. मीही पाहिला होता. मी तर रोज त्याला हात जोडत होते. पण तुळशीचा दिवा हा काय दिवा असतो? तो देवाचा. देवाचं आम्ही कशातच धरत नाही.

"अहो," मी हाक मारली. "जरा बाहेर या. तुमचा लॉट दाखवते."

ते आले. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, पुन्हा दिव्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते मटकन खाली बसतील. इतक्या वर्षांत इतकी ढोबळ चूक त्यांच्या हातून कधी झाली नसेल.

"रूट कॉज!" ते ओरडले. चेहरा लग्नात होता तसा झाला. "मीना, रूट कॉज मिळालं! मी खतात शोधत बसलो! हा दिवा काढला की झालं. आता बघ, तीन आठवडे अंधार दिला की तिन्ही झाडं लेव्हलला येतील."

"तीन आठवडे."

"मॅक्सिमम."

"अक्काचा सोहळा दोन आठवड्यांवर आहे."

ते थांबले. मला दिसलं की ते मनात खरोखर गणित मांडतायत, आणि हेही दिसलं की गणितात अक्का कुठल्या बाजूला लिहायची ते त्यांना कळत नाहीये.

"तसं बघितलं तर," ते म्हणाले, "सोहळ्यात गर्दी असते. निवांत भेट होत नाही. त्यापेक्षा जानेवारीत गेलो तर हवाही छान असते. आपण शांतपणे अक्कांजवळ आठ दिवस राहू. योग्य वेळी..."

मी तुळशीकडे बघून म्हटलं, "भिंतीकडचं झाड तयार आहे. ते कापा आणि चला."

"लॉट फोडायचा?"

"हो."

"अगं, इतके महिने घालवल्यावर ऐन वेळी घाई करायची?"

घाई. ज्या घरात मुलाच्या मुंजीच्या आधी मिशा येतात, त्या घरात घाई.

मी घरात आले आणि खिडकीवरची घोंगडी काढली. दिवा लावला. मग नेत्राला फोन केला.

"बुक कर. एकाचं."

"एकाचं? म्हणजे फक्त तुमचं? आई, सगळं ओके आहे ना?"

"सगळं उत्तम आहे. आणि व्हीलचेअर सांग. विमानतळावर ढकलायला माणूस देतात ना? मग नवरा लागत नाही."

नेत्रा हसायची थांबली तेव्हा म्हणाली, "आई, सो प्राउड ऑफ यू." मी म्हटलं, प्राउड नंतर हो, खिडकीजवळची सीट बघ.

जाईपर्यंतचे दिवस आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. पोळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या. विमानतळावर सोडताना शशिकांतराव म्हणाले, "तुळशीचं लग्न राहिलंय या वर्षीचं."

"लावा तुम्ही."

"मी? मला मंगलाष्टकं कुठे येतात?"

"योग्य वेळ आली की येतील," मी म्हटलं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीने मला आत नेलं. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि चाकाच्या खुर्चीत ते सोपं जातं. तिला माझ्यासाठी वळायचं कारणच नव्हतं.

सासवडला दारात अक्का उभी होती. काठी होती, पण ती टेकायला कमी आणि मंडपवाल्याला दाखवायला जास्त. मला बघून तिने काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. उजेडाकडे वळवून नीट बघितलं. मग म्हणाली, "टाळू खरंच विरळ झालीय गं." आम्ही दोघी दारातच रडलो, आणि मंडपवाल्याने तेवढ्यात झेंडू लावून टाकला.

आमच्या जुन्या घरासमोरचा खांब अजून तिथेच आहे. वाफ्याच्या जागी आता कोणाच्या तरी गाड्या उभ्या असतात.

सगळ्यांनी विचारलं, शशिकांतराव कुठे? मी सांगितलं, शेतीची कामं निघाली आहेत, सुगी आहे. लोकांना फार कौतुक वाटलं. अमेरिकेत राहून माणूस मातीशी नातं ठेवून आहे, असं अक्काचे एक दीर सगळ्यांना सांगत फिरले.

पौर्णिमेला संध्याकाळी अक्काला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. पिवळ्या शेवंतीचे हार शेवटी अक्काने मिळवलेच. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, चंद्र टाकीच्या मागे होता, सगळे टाकीकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. चँडलरला तेव्हा सकाळ.

"मीना, अक्कांना नमस्कार सांग. आणि जरा हे बघतेस का? मला एकट्याला डिसिजन घेता येत नाहीये."

पडद्यावर अंगण होतं. तुळशीच्या गळ्यात लाल दोरा, शेजारी उसाचं कांडं. म्हणजे लग्न लागलं होतं.

"मंगलाष्टकं गुरुनाथने फोनवर लावली," ते म्हणाले. "अंतरपाट ग्लेनने धरला. पण दुपारी चारला लावलं. गोरज मुहूर्ताला दिवे लावावे लागतात, आणि इथे अंधार हवा ना."

सोलरचा दिवा नव्हता. कट्ट्यावर माझं पितळेचं निरांजन होतं, वात जळून काळी झालेली.

"ते कोण लावतं?" मी विचारलं.

"मीच. अंधार व्हायच्या आत. टायमर लावतो, वाजला की शांत करतो." आणि मग घाईघाईने, "ते सोड, हे झाड बघ."

तुळशीजवळच्या झाडावर मोठी काळी छत्री उघडून बांधली होती. छत्रीची गोष्ट मी त्यांना संसारात कधीतरी सांगितली असणार. त्यांनी ऐकली असेल असं मला वाटलं नव्हतं.

अक्काने माझ्या हातातून फोन घेतला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

"शशिकांतराव, हा गांजा आहे ना?"

गच्चीवरच्या सगळ्या माना टाकीकडून आमच्याकडे वळल्या.

"औषधी आहे, अक्का," ते म्हणाले. "झोपेसाठी."

"मग असं चोरासारखं काय सांगता? कधीचं पिकलंय हे वाळलेलं झाड?"

"भिंतीकडचं दसऱ्यालाच झालं होतं. पण बाकीची दोन..."

"वर्गातल्या ढ मुलांसाठी मी हुशार मुलीचा निकाल कधी अडवून ठेवला नाही," अक्का म्हणाली. "आता नीट ऐका. मी पिकलेय, तुमची बायको पिकलीय, तुम्ही तर कधीच पिकलात. आमच्यातलं कोणी तिसऱ्याची वाट बघत थांबणार नाहीये. कात्री आहे का हाताशी?"

"आहे."

"मग?"

टाकीच्या मागून चंद्र वर आला. सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी अक्काच्या हातात अर्घ्याची पळी दिली, तिने फोन मला परत दिला. मी तो चंद्राकडे वळवला.

"दिसतोय का?"

"दिसतोय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पूर्ण आहे ना? का उद्या आणखी थोडा होईल?"

"अहो!"

"बरं, बरं."

फोनमधून कात्रीचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. एक जड फांदी पानांवरून घसरत खाली आली.

"कापलं," ते म्हणाले. आवाज लहान झाला होता. "मीना, कापलं गं. आता मधलं बघतो. त्याला मला वाटतं अजून आठ..."

मी फोन बंद करून पदराखाली ठेवला आणि अक्काच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.